चोविसाव्या भागाचा कोरा कागद

२१ फेब्रुवारी, शनिवार. तुझ्या वर्गातलं कपाट आवरते आहे.

शैला, सकाळी तुझ्या अण्णांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "तूच बघ गे नंदा. त्यातलं काय ठेवायचं, काय टाकायचं, मला गोत्तिल्ला," म्हणाले आणि पेपर उघडून बसले. तुझा भाऊ तुझ्यासारखाच. नको असलेलं काम दुसऱ्याला देताना आवाज मऊ करतो. मी वर आले, खिडक्या उघडल्या आणि सतरंजीवर तीन ढीग ठरवले: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. दुपारपर्यंत टाकायचा ढीग सगळ्यात मोठा झाला. तू असतीस तर त्यातलं निम्मं उचलून पुन्हा कपाटात कोंबलं असतंस.

घुंगरांच्या पिशव्या, चुण्या उसवलेले नाचाचे पोशाख, तीन गंगावनं, वाळलेल्या आलत्याच्या बाटल्या. एका पोशाखाला अजून देवराज मोहल्ल्यातल्या शिंप्याची चिठ्ठी टाचलेली आहे, कंबर सव्वीस. ती मुलगी आता दोन मुलांची आई असेल. या सगळ्याला हात लावताना मला रडू येईल असं काव्याला वाटत होतं, म्हणून ती दोनदा पाण्याचा ग्लास घेऊन वर आली. रडू आलं नाही. धुळीने शिंका आल्या.

काव्या आता तुझा वर्ग चालवते, हे तुला माहीत आहे, तूच तिला तयार केलंस. उद्या सकाळी दहाला याच खोलीत तुझ्यासाठी सगळे जमणार आहेत. भाषणं नकोत असं मी सांगितलं होतं. त्यावर काव्या म्हणाली, मग मिसच्या मालिकेतलं थोडं दाखवू, तीन-चार मिनिटं, आणि ते तुम्ही निवडा आंटी, तुम्ही दोघींनी सगळे भाग एकत्र पाहिले होते ना. निवडा म्हणाली खरी, पण वर्गातल्या मुलांनी निवड करून ठेवलीच होती. फोनवर दाखवली. प्रत्येक भागातली तुझ्या काठीची मूठ उडण्याची जागा कापून, एकाला एक जोडून, खाली गाणं लावून दीड मिनिटाची चित्रफीत. मूठ उडते, तू डोळे वटारतेस, हशा. मूठ उडते, डोळे, हशा.

"मिस असत्या तर हसल्याच असत्या, आंटी," काव्या म्हणाली.

मी म्हटलं, बघते.

तू हसली असतीस, हे खरं आहे. म्हणूनच मला त्याचा राग येतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी काठीची गोष्ट इथे एकदा सांगून टाकते. तुला ती पाठ आहे. वीस वर्षांपूर्वी आम्ही पुण्याहून म्हैसूरला आलो आणि तुमच्या शेजारचं घर घेतलं. मी परसात बाजेवर साबुदाण्याच्या पापड्या घातल्या होत्या. वरून एक पितळी गोळा आला आणि पापड्यांत पडला. तीन फुटल्या. मी तो गोळा मुठीत धरून, चार कानडी शब्द मनात जुळवत, तुझा जिना चढले. खोलीत बावीस मुली गुडघे वाकवून अर्धमंडलात उभ्या होत्या, पाय थरथरत होते, आणि तू पाटावर बसून हातातल्या नुसत्याच काठीकडे बघत होतीस. तिची मूठ माझ्याकडे होती. मी काही बोलायच्या आत तू मुलींना कानडीत म्हणालीस, कोणी उठायचं नाही. आणि मला मराठीत विचारलंस, "पापड्यांत पडली काय? मोडल्या किती?"

मला वाटलं होतं कानडी बाई असणार. तुला माझं परसातलं पुटपुटणं ऐकू गेलं होतं, ते सगळं तुला समजलं होतं, आणि ते तू मला पुढे कधीच विसरू दिलं नाहीस. तुमचं घराणं इथे चार-पाच पिढ्या असेल. तुझी मराठी ऐकून मला पहिली दोन वर्षं हसू यायचं, आणि माझी ऐकून तू म्हणायचीस, "काय गे, पुस्तक वाचतेस की बोलतेस?"

मी कारखान्यात मालाची तपासणी करते. सैल मूठ म्हणजे माझ्या दृष्टीने अपघात. शंभरदा म्हणाले असेन, काठी दे, टूलरूममध्ये पिन मारून आणते, पाच मिनिटांचं काम आहे. तू द्यायची नाहीस. "बेडा, नको. सैल आहे म्हणून पोरी जाग्या राहतात." रोज संध्याकाळी पाचला माझ्या परसात ती ठक-ठक यायची. घड्याळ बघायला लागायचं नाही.

मग रम्या आली. माझ्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलेली तिशीतली मुलगी, मालिका लिहिणारी. नृत्य, गाणं, नाटक शिकवणाऱ्या कॉलेजातल्या मुलांवर विनोदी मालिका लिहायची होती, सोळा-सतरा वर्षांची मुलं, म्हैसुरातलंच कॉलेज. रविवारी कॉफीला खाली यायची. शेजारून काठीचा आवाज यायचा. एकदा तिने विचारलं, या बाई कोण? आणि मी पापड्यांची गोष्ट सांगितली. रंगवून सांगितली. तुझे वटारलेले डोळे करून दाखवले. ती इतकी हसली की मी पुन्हा करून दाखवले.

पंधरा दिवसांनी ती तुझ्याकडे गेली. तिच्या कथेत एक कडक गुरू होती, रुद्रम्मा मिस, जिच्या काठीची मूठ प्रत्येक भागात उडते. ती तू करशील का, असं विचारलं. तू हो म्हणालीस. त्या संध्याकाळी तू माझ्याकडे येऊन म्हणालीस, "कुठून सुचलं असेल गे त्या पोरीला? अगदी माझ्यासारखंच." मी म्हणाले, "इथे राहते, ऐकत असेल." आणि उठून दुधाखालचा गॅस बंद केला. दूध अजून तापलंही नव्हतं.

एवढंच मला तुला सांगायचं होतं. तीन वर्षं सांगायचं होतं.

मालिका लागली तशी आपली शुक्रवारची बैठक सुरू झाली, वर्षाला आठ भाग, अशी तीन वर्षं. संध्याकाळी सहा, तुझी खोली, तुझा टीव्ही, माझी कॉफी, कारण तुझी कॉफी म्हणजे साखरेचं पाणी. कारखान्यात तपासणीचे तक्ते बदलले होते, जुन्या कोऱ्या तक्त्यांचा गठ्ठा रद्दीत निघाला होता, तो मी घरी आणला होता. डावीकडे 'गुण', उजवीकडे 'दोष', खाली तपासणाऱ्याची सही. गंमत म्हणून पहिल्या भागाला एक भरला. तू तो हिसकावून वाचलास आणि म्हणालीस, दर भागाला पाहिजे. पुढच्या शुक्रवारी न भरता उठले तर टीव्हीचा रिमोट लपवलास.

आता त्या भरलेल्या कागदांचं बंडल माझ्या मांडीवर आहे, तेव्हा खोटं बोलायची सोय नाही. पहिल्या भागात दोष: 'सहा महिन्यांचा रियाज एका गाण्यात आटोपला.' त्यावर तू म्हणालीस, "मग काय सहा महिने दाखवायचे? बघणार कोण, तू?" तिसऱ्या भागात: 'मुलीचे वडील सभागृहात शेवटच्या रांगेत येऊन उभे राहिले आणि विरघळले.' पाचव्यात पुन्हा तेच, वडील वेगळे. सहाव्यात: 'भांडण सुरू झालं की बाविसाव्या मिनिटाला मिटतं. प्रत्येक वेळी.' यावर आपलं खरंच भांडण झालं. मी म्हणाले, ज्या वयात मुलं वर्षानुवर्षं अबोला धरतात त्या वयाची ही मुलं मिठ्या मारून मोकळी होतात, हे खोटं आहे. तू म्हणालीस, "तुझ्याकडे बाविसावं मिनिटच नाही ना गे, म्हणून तुला राग." मी आठ दिवस तुझ्याकडे आले नाही. नवव्या दिवशी तू माझ्या दारात पायऱ्यांवर बसून फणस सोलायला घेतलास. मिटलं असं तू म्हणालीस. मी म्हणाले, मिटलं नाही, फणस आवडतो म्हणून आले.

माझं म्हणणं अजून तेच आहे. त्या मालिकेत सगळ्यांनाच सगळं येतं. गाणारी मुलगी एका रात्रीत नाचते, मृदंगवाला मुलगा ऐनवेळी नाटकात उभा राहून टाळ्या घेतो. गुणी मुलगी गरीब आणि श्रीमंत मुलगी दुष्ट. जाड्या मुलाला संवाद फक्त खाण्याचे. आणि गुरूला त्या मालिकेत दोनच जागा: एक तर तिच्या पाया पडायचं, नाही तर तिच्यावर हसायचं. शेजारी खुर्ची ओढून बसायची जागा नाही. हे मी दहाव्या भागाच्या कागदावर लिहिलं.

डावीकडचा रकाना मी कंजुषीने भरला. आज वाचताना ते दिसतं. पण रिकामा ठेवला नव्हता, तेवढं माझ्या बाजूने लिहून ठेव. मुलं खऱ्या म्हैसूरच्या पोरांसारखी बोलतात, अर्धं वाक्य कानडी, अर्धं इंग्रजी, मध्येच घरची भाषा. मृदंगवाल्याच्या बोटांना दर भागात वेगळ्या बोटावर चिकटपट्टी असते, ते कोणी बोलून दाखवत नाही. नाटकवाल्या मुलाची आई रोज फोन करते आणि जेवलास का एवढंच विचारते, नाटकाचं एकदाही नाही, आणि तो विनोद असूनही विनोद राहत नाही. गाणारीचा आवाज बसतो तो तीन भाग बसलेलाच राहतो. आणि अकरावा भाग. त्यात ती नाचणारी मुलगी पूर्ण बावीस मिनिटं तालाच्या बोलांची एकच जती घोकते. खोलीत, बसथांब्यावर, भांडी घासताना. शेवटी रंगमंचावर तीच चुकते. कोणी मिठी मारत नाही. सगळे चुरमुरी खायला जातात. तो भाग तू रम्याशी तीन आठवडे भांडून लिहून घेतला होतास. मी डावीकडे लिहिलं, 'बरोबर.'

"एकच शब्द? हात दुखले काय, मॅडम?"

"चांगल्या मालावर आम्ही एवढंच लिहितो."

"आणि सही? बिनसहीचा कागद कोणाचाच नाही."

"घरच्या कागदावर सही कशाला?"

उजव्या रकान्यात मात्र एक ओळ प्रत्येक कागदावर आहे. 'काठीचा विनोद. स्वस्त. पुन्हा तोच.' तेवीस वेळा. जणू तो दुसऱ्या कोणाच्या परसातून आला होता.

तुला ती मालिका आवडत होती, हे मी विसरणार नाही. तू गेल्यावर लोक आता तुला बिचारी करायला बसले आहेत, आणि त्यात मी सामील नाही. तलकाडच्या वाळूत एप्रिलच्या उन्हात चित्रीकरणवाल्यांनी तुला नऊ वेळा पाडलं. तू कानात वाळू घेऊन परत आलीस आणि दोन दिवस खूश होतीस. मार्केटात मोगऱ्याचे गजरे विकणारी मल्लिगेवाली ओरडली, "मिस, कोलु एल्लि?", म्हणजे काठी कुठे, तर तू डोळे वटारून दाखवलेस आणि ती हसली तशी तूही. तुला गर्दी आवडायची. पंचवीस वर्षं या खोलीत बावीस मुलींपुढे बसलीस, आणि एकदम गावाने ओळखलं. ते सुख खोटं नव्हतं.

पण मग वर्गात मुली हसायला लागल्या. तू काठी उचललीस की एक फिस्स करायची आणि रांग ढासळायची. दोघींनी लपून फोनवर तुझं चित्रण केलं. एका बाईने मुलीचं नाव घालायला आणलं आणि म्हणाली, मिस, एकदा उडवा ना, हिला बघायचंय. हे मला तू सांगितलं नाहीस. काव्याने सांगितलं. मला एवढंच कळलं की एका संध्याकाळी पाच वाजता मी कपडे वाळत घालत होते आणि वरून ठक-ठक आली नाही. टाळी आली. तू हाताने ताल धरत होतीस. दुसऱ्या दिवशी टाळी, तिसऱ्या दिवशी टाळी. सतरा वर्षांचा आवाज बंद पडला, आणि मी तुला एकदाही विचारलं नाही, काठी कुठे आहे. मल्लिगेवालीने विचारलं. मी नाही.

आणि चोविसावा भाग. शेवटचा. त्या शुक्रवारी कारखान्यात बाहेरची तपासणी होती, मी येऊ शकले नाही. शनिवारी कॅन्टीनमध्ये एकटीने फोनवर पाहिला. संध्याकाळी तू कुंपणावरून विचारलंस, "बघितलास?" मी म्हणाले, अजून नाही. मंगळवारी पुन्हा विचारलंस. मी म्हणाले, वेळ कुठे. पुढच्या रविवारी, "नंदा मॅडम, कागद राहिलाय." मी म्हणाले, बघते. त्यानंतर नऊ दिवसांनी तू गेलीस.

मी पाहिला होता, शैला. चार वेळा पाहिला.

त्या भागात कॉलेजातला नृत्यविभाग बंद होणार असतो. रुद्रम्मा मिस रिकाम्या हॉलमध्ये येऊन पाटावर बसते. हातात काठी नाही. तू उजव्या तळव्याने गुडघ्यावर ताल धरलास आणि फक्त डोळ्यांनी वर्ग घेतलास. डावीकडून तिसरीचा कोपर पडलाय, ते तू बघितलंस. मागची उशिरा येते आहे. एकीच्या तोंडात काहीतरी आहे, तिला तू नुसती बघत राहिलीस तोवर तिने ते गिळलं. एक चांगली करते आहे, तिच्यावरून नजर लगेच काढून घेतलीस, डोक्यात जायला नको म्हणून. चार मिनिटं. संवाद नाही, संगीत नाही. हॉल रिकामा होता आणि मी कॅन्टीनच्या टेबलाशी बसून त्या मुली मोजत होते. बावीस भरल्या.

आणि मग मूठ उडाली आणि हशा झाला.

मी तपासणी करते. त्या चार मिनिटांत तुझं पोलकं हिरवं आहे. मूठ उडते त्या दृश्यात ते तांबडं आहे. ते दृश्य आधीच्या कुठल्या तरी भागातून कापून तिथे चिकटवलंय, कारण चार मिनिटं कोणी हसलं नाही म्हणून कोणीतरी घाबरलं. तू त्या दिवशी काठी उचललीच नव्हतीस. अण्णांनी मला परवा सांगितलं, टी. नरसीपूरच्या संगमावर तुझ्या अस्थी सोडून परत येताना, गाडीत. तो भाग तू त्यांच्यासोबत पाहिलास. हशा आला तशी उठून आत गेलीस, आणि पाच मिनिटांनी बाहेर येऊन विचारलंस, "नंदाने बघितला असेल काय?"

तुला माझ्याकडून काय हवं होतं ते मला कळत होतं. डावीकडच्या रकान्यात पूर्ण वाक्य. आणि उजवीकडे त्या हशाला दोष म्हणणारं कोणीतरी. पण त्या हशाबद्दल बोलायचं तर काठीबद्दल बोलावं लागलं असतं, आणि काठीबद्दल बोलायचं तर माझ्या कॉफीच्या टेबलाबद्दल. म्हणून मी पाहिला नाही म्हणत राहिले. तेवीस भागांत दोष काढणारी मी, चोविसाव्याला डोळे मिटून बसले. दुसरंही एक कारण आहे, तेही लिहिते. तू म्हणायचीस मालिकेत काहीतरी आहे, मी म्हणायची नाही. चोविसाव्या भागात तू जिंकली होतीस, आणि ते मला इतक्यात सांगायचं नव्हतं. मला वाटलं सवडीने सांगू, तुला आठ दिवस ताटकळत ठेवून.

आता कपाटातल्या खालच्या कप्प्याचं सांगते. जुन्या सुती साडीच्या तुकड्यात काठी गुंडाळलेली होती, मूठ आतच. तिच्याखाली हे कागद, रबर लावून. मी सहज पहिला कागद उलटला. मागे तुझं अक्षर. कानडी.

तुम्ही घरात मराठी बोलता आणि ती कानडी लिपीत लिहिता, हे मला माहीत होतं. किराण्याच्या यादीपलीकडे कधी वाचलं नव्हतं. माझं कानडी वाचन बसच्या पाट्यांपुरतं. खिडकीशी बसले, अक्षराखाली बोट ठेवून पहिलीतल्या मुलासारखं लावत गेले. भाषा मराठीच होती.

'काठीची गोष्ट त्या पोरीला हिनेच सांगितली. रम्या काल बोलली. आता हीच दोष म्हणून लिहिते. कधी सांगते बघू.'

दुसरा कागद उलटला. 'आज पण नाही.' तिसरा. 'आज पण नाही.' सातव्यावर, 'आज पण नाही. फणस मात्र खाल्ला.' तेराव्यावर, 'आज पण नाही. कॉफी दोनदा केली.' अठराव्यावर, 'विचारावं काय? नको.' तेविसाव्यावर पुन्हा, 'आज पण नाही.'

चोविसावा कोरा आहे. पुढच्या बाजूला वर भागाचा क्रमांक तू घालून ठेवला आहेस. मागे काही नाही.

मी तो गठ्ठा घेऊन किती वेळ बसले माहीत नाही. काव्या पाणी घेऊन आली तेव्हा तिला म्हणाले, खाली ठेव आणि जा.

तुझ्यावर मला राग आहे. दोष लिहायचे तर सगळे लिहू. तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दर शुक्रवारी तू मला समोर बसवून ती ओळ लिहू दिलीस, मी लिहीत असताना माझ्याकडे बघत बसलीस आणि मी गेल्यावर मागे शेरा मारलास. बावीस मुलींपुढे एखादीला तिचा कोपर मेलाय म्हणून सांगताना तुला कधी संकोच झाला नाही. मला एकटीला सांगता आलं नाही? एक वाक्य पुरलं असतं. 'नंदा, मला माहीत आहे.' मी चिडले असते, घरी गेले असते, नवव्या दिवशी परत आले असते. तू मला खेळवलंस की संधी देत होतीस, हे या अक्षरावरून कळत नाही. दोन्ही असेल. तुझ्यात दोन्ही होतं.

आणि ती गोष्ट माझीही होती, हेही एकदा म्हणून घेते. पापड्या माझ्या होत्या. म्हैसुरात मला पहिलं माणूस मिळालं त्याची ती गोष्ट होती. वीस वर्षं मी ती पुण्याच्या नातेवाइकांना, कारखान्यातल्या बायकांना, ज्याला त्याला सांगत आले, कारण तुला दाखवायची माझ्याकडे तीच एक रीत होती. या वेळी ज्या माणसाला सांगितली त्याला लिहिता येत होतं, एवढाच फरक. हे मी तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "होय की. मग एवढं काय गे?" असंच म्हणाली असतीस. बहुतेक.

मालिकावाल्यांनी तुझा फोटो टाकलाय. हातात काठी, वर उडालेली मूठ रंगवलेली, खाली शोकाचे दोन शब्द. हजारो लोकांनी रडके आणि हसरे असे दोन्ही चेहरे डकवलेत. त्यांना मी काय म्हणू? मूठ माझ्याच परसातून गेली.

कपाट झालं. टाकायचा ढीग खाली नेला. काठी आणि कागद घरी आणलेत. टूलरूममधली पिन इतकी वर्षं माझ्या पर्समध्ये आहे, ती काढून टेबलावर ठेवली.

२२ फेब्रुवारी, रविवार.

साडेपाचला उठले. कॉफी करून टेबलाशी बसले आणि चोविसावा कागद भरला. डावीकडे जागा पुरली नाही, मागच्या बाजूवर गेले. बावीस मुलींपैकी मला दिसलेल्या प्रत्येकीचं लिहिलं. उजवीकडे दोनच ओळी. 'शेवटचं दृश्य दुसऱ्या भागातून आणून लावलंय, पोलक्याचा रंग बघा.' 'काठीचा विनोद मी पुरवला.'

नऊला तुझ्याकडे आले. काव्याला सांगितलं, दीड मिनिटाची ती चित्रफीत लागणार नाही.

"आंटी, मुलांनी तीन दिवस बसून केलंय."

"घरी बघा. इथे नाही."

ती रागावली. रागावू दे.

दहाला खोली भरली. रम्याही आली होती, दाराशी उभी राहिली. मी लॅपटॉपशी बसले, चोविसावा भाग लावला, बोट बटणावर ठेवलं. चार मिनिटं कोणी हललं नाही. हिरवं पोलकं संपायच्या आत बटण दाबलं. पडदा काळा झाला, हशा आला नाही.

मग उभी राहून कागद वाचला, माझ्या कानडीत. डावा रकाना वाचताना झालेल्या माझ्या कानडीच्या चुकांना मागच्या मुली फिसफिसल्या, ते ठीक आहे. पापड्यांची गोष्ट सांगितली, तेव्हा सगळे हसले. काठीची गोष्ट रम्याला मी दिली हे सांगितलं, तेव्हा कोणाला हसावं की नाही ते कळेना. रम्याने मान खाली घातली. अण्णा पहिल्या खुर्चीवर होते. मराठीत म्हणाले, "तिला माहीत होतं गे."

"मला काल कळलं," मी म्हणाले.

इतकी वर्षं तू ज्याची वाट बघितलीस ते मी चाळीस माणसांपुढे सांगितलं. तिथे तू सोडून सगळे होते.

लोक गेल्यावर काठी काव्याला दिली. पिन मारली नाही. मूठ सैल आहे, समोर कोणाला बसवू नकोस, एवढं सांगितलं. तिने विचारलं, पोरी हसल्या तर? मी म्हणाले, हसतील, आणि तू पुढची ठक मार.

मग तुझ्या पाटाशेजारी सतरंजीवर बसले आणि गठ्ठा सोडला. रबर तुटलं. चोवीसही कागदांवर, तपासणाऱ्याच्या जागी, एकेक करून सही केली. तारीख प्रत्येकावर आजची घातली. मागची तारीख मी कधी घालत नाही.